भिंत नसलेलं अभयारण्य

राष्ट्रीय उद्यान म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे झाडं येतात, डोंगर येतात, फार तर एखादा बिबट्या येतो. आम्हा मीरा-भाईंदरकरांना तर हे चित्र खिडकीतूनच दिसतं. पूर्वेला, काशिमीऱ्याच्या मागे, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या टेकड्या आहेत. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं हे जंगल. त्याला दारं आहेत, तिकीट आहे, वनरक्षक आहेत, काही भागात भिंतही आहे. भिंतीच्या अलीकडे शहर आणि पलीकडे जंगल, हे लहान मुलालाही कळतं. पण आमच्या पश्चिमेला, उत्तनच्या पुढे जो समुद्र पसरला आहे, तसल्या समुद्रात उद्यान करायचं म्हटलं तर भिंत कुठे घालायची? तिकीट कुणाला मागायचं? आणि पाण्याखालचं जे राखायचं आहे, ते वरून कुणाला दिसतच नसेल तर ते राखणार तरी कोण?

मी कविता लिहिणारा माणूस, बी. ए. पर्यंत शिकलेला. शास्त्राचा माझा अभ्यास नाही. पण हे प्रश्न डोक्यात घेऊन मी काही वाचलं, काही जाणत्यांना विचारलं आणि २०२३ च्या डिसेंबरात पत्नी आणि मुलीसह मालवणला जाऊन थोडं डोळ्यांनी पाहिलं. त्यातलं जे समजलं ते आज सांगणार आहे.

आपल्या देशात अशी सागरी राष्ट्रीय उद्यानं आहेत. कच्छच्या आखातातलं उद्यान १९८२ मध्ये जाहीर झालं, ते देशातलं पहिलं. जामनगरजवळच्या पिरोटन बेटावर ओहोटीच्या वेळी पाणी ओसरलं की उघड्या पडलेल्या खडकांमधून चालत समुद्रातले जीव पाहता येतात. तामिळनाडूत मन्नारच्या आखातात एकवीस बेटांचं उद्यान १९८६ मध्ये झालं. आणि अंदमानात वंडूरला १९८३ मध्ये पंधरा बेटांचं उद्यान झालं. आज त्याला महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान म्हणतात. सेल्युलर जेल पाहायला जाणारी मराठी मंडळी या उद्यानातल्या जॉली बॉय बेटावर हटकून जाऊन येतात. २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचं नाव श्री विजयपुरम झालं, पण सहलीचा कार्यक्रम तोच राहिला.

महाराष्ट्रात सागरी राष्ट्रीय उद्यान नाही. आपल्याकडे आहे ते सागरी अभयारण्य, मालवणचं, १९८७ साली जाहीर झालेलं. उद्यान आणि अभयारण्य हे दोन शब्द आपण सरसकट वापरतो, पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात त्यांचा अर्थ वेगळा आहे. राष्ट्रीय उद्यान झालं की तिथल्या माणसांचे त्या जागेवरचे हक्क संपतात. अभयारण्यात काही हक्क, अटी घालून का होईना, चालू ठेवता येतात. कागदावर हा फरक दोन ओळींचा आहे. ज्याचं घर त्या पाण्यावर चालतं, त्याच्यासाठी तो चुलीचा फरक आहे. हे लक्षात ठेवू, कारण पुढे त्याच्याकडे यायचं आहे.

मालवणचं अभयारण्य सुमारे २९ चौरस किलोमीटरचं आहे. त्याचा गाभा त्यापैकी जेमतेम तीन चौरस किलोमीटरचा, आणि तो आहे सिंधुदुर्ग किल्ल्याच्या भोवती. म्हणजे शाळेच्या सहलीत आपण जो किल्ला पाहून आलो, तो अभयारण्याच्या अगदी मध्यभागी उभा आहे. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये कुरटे बेटावर या किल्ल्याची पायाभरणी केली आणि तीन वर्षांत तो उभा राहिला. आत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. चारी बाजूंनी खारं पाणी आणि मध्ये गोडं, याचं आश्चर्य करत माणसं तटावरून फिरतात. तटाखालच्या पाण्याकडे मात्र फार थोड्यांचं लक्ष जातं.

किल्ल्यासाठी ही जागा निवडली गेली, त्यात भोवतालच्या खडकांचाही वाटा होता. पाण्यात लपलेल्या खडकांमुळे परक्या जहाजाला किल्ल्याजवळ येणं अवघड होतं. वाट माहीत असलेला स्थानिक नावाडीच होडी नीट आणू शकत असे. तेच बुडालेले खडक आज दुसऱ्या कारणाने मोलाचे आहेत. वाळूवर काही रुजत नाही, खडकावर रुजतं. या खडकांवर प्रवाळ वाढतात.

१९७९ साली गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील डॉ. एस. झेड. कासिम आणि डॉ. एम. वफर यांनी पश्चिम किनाऱ्यावर अनेक ठिकाणी जिवंत प्रवाळ असल्याची नोंद प्रसिद्ध केली. १९८१ मध्ये त्याच संस्थेतील डॉ. ए. एच. परुळेकर यांनी मालवणच्या सागरी जीवांवर लिहिलं. त्यानंतर सहा वर्षांनी अभयारण्य झालं. मच्छीमारांना हे खडक पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते, कारण जाळं तिथंच अडकून फाटायचं आणि मासाही तिथंच जास्त मिळायचा.

आता प्रवाळ म्हणजे काय? मराठीत पोवळं, उर्दूत मूंगा, अरबी-फारसीत मरजान. शब्द सगळे दागिन्यांच्या पेटीतले. अंगठीत घालतात ते लाल पोवळं मात्र मुख्यतः भूमध्य समुद्रातलं असतं. मालवणला ते शोधायला जाल तर निराश व्हाल. इथले प्रवाळ गोल धोंड्यासारखे, खडकावर लिंपल्यासारखे किंवा पसरट पानांसारखे असतात, आणि रंगाने बहुतेक तपकिरी, पिवळट, हिरवट.

हा धोंडा दिसतो एक, पण ती एक वसाहत असते. तांदळाच्या दाण्याएवढे हजारो जीव एकमेकांना चिकटून राहतात. प्रत्येकाचं अंग मऊ, तोंडाभोवती बारीक बारीक हात. हा जीव स्वतःखाली चुन्याची बैठक बांधत जातो. चाळीतल्या खोल्यांसारख्या एकाला लागून एक खोल्या उभ्या राहतात आणि सगळ्यांचा मिळून एक धोंडा होतो. या जीवाच्या अंगात अतिसूक्ष्म शैवाल राहतं. ते सूर्यप्रकाशात अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा हिस्सा घरमालकाला देतं. घरमालक त्याला आसरा देतो. भाडेकरूच मालकाला पोसतो, असा हा जगावेगळा करार आहे. प्रवाळाचा रंगही बराचसा या भाडेकरूचाच असतो. म्हणून प्रवाळांना ऊन लागतं, म्हणून पाणी नितळ लागतं. गाळ बसला, पाणी गढूळ झालं, की भाडेकरूचं काम थांबतं आणि मालक उपाशी राहतो.

हे बांधकाम फार संथ चालतं. धोंड्यासारखे प्रवाळ वर्षाला साधारण एक सेंटिमीटरच्या आसपास वाढतात. म्हणजे आपल्या कमरेएवढा एखादा गोलवा पाण्यात दिसला, तर त्याची सुरुवात आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळात झालेली असू शकते. जगातल्या समुद्रतळाचा एक टक्काही भाग प्रवाळांनी व्यापलेला नाही, पण समुद्रातल्या सुमारे पाव जीवजाती कधी ना कधी त्यांच्या आसऱ्याला असतात. पिल्लं तिथं लपतात, मोठे मासे तिथं खायला येतात. मच्छीमाराच्या टोपलीशी या धोंड्याचं नातं आहे ते असं.

आम्ही कुडाळ स्टेशनवर उतरून मालवणला गेलो. किल्ल्याजवळच्या खडकांवर स्नॉर्केलिंग करवून आणणाऱ्या होड्या मालवण, तारकर्ली, देवबाग इथून सुटतात. डोळ्यांवर काचेचा मुखवटा, तोंडात श्वासाची नळी, अंगात तरंगतं जाकीट. मला पोहता येत नाही. माझ्यासारख्यांना एक हवा भरलेली रिंग धरायला देतात आणि एक वाटाड्या शेजारी पोहत ती ओढत नेतो. पाण्यात उतरण्याआधीच आमच्या वाटाड्याने, विशीतल्या एका पोराने, सगळ्यांना बजावलं, "काका, खाली पाय टेकू नकात हां. तो दगड नाय, जीव असा." मालवणीतलं हे एक वाक्य म्हणजे अभयारण्याची अख्खी नियमावली आहे असं मला वाटलं.

खाली तोंड केलं आणि पहिल्यांदा काही विशेष दिसलं नाही. टीव्हीवर पाहतो तसे लाल-जांभळे बगीचे तिथं नव्हते. तपकिरी गोलवे, मधे वाळूचे पट्टे, काळ्या काट्यांचे सागरगोटे. मग नजर रुळली तसे काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे मासे दिसायला लागले. एक निळसर मासा चोचीसारख्या तोंडाने खडक खरवडत होता. पाण्यात कान बुडालेले असताना बारीक कडकड ऐकू येत होती, भाजत्या जिऱ्यासारखी. खडकाच्या फटींमधल्या कोळंब्या आणि इतर जीव मिळून हा आवाज करतात, असं नंतर कळलं. माझी मुलगी वर येऊन म्हणाली, "अब्बा, एक अगदी पांढराशुभ्र होता, सगळ्यात सुंदर." तो सुंदर नव्हता, आजारी होता, हे तिला वाटाड्यानेच सांगितलं.

या पांढऱ्या रंगाबद्दल थोडं सांगायला हवं. समुद्राचं पाणी नेहमीच्या कडक उन्हाळ्यापेक्षाही एखादा अंश जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, की प्रवाळाच्या अंगातलं शैवाल बाहेर पडतं. भाडेकरू गेला, रंग गेला, आतला पांढरा चुना दिसू लागतो. प्रवाळ लगेच मरत नाही. पाणी वेळेत थंड झालं तर शैवाल परततं. नाही झालं तर उपासमारीने वसाहत मरते आणि उरलेल्या सांगाड्यावर दुसरी शेवाळं चढतात. १९९८ मध्ये जगभर असं मोठ्या प्रमाणावर घडलं. २०२४ च्या एप्रिलमध्ये शास्त्रज्ञांनी जागतिक पातळीवरची चौथी अशी घटना जाहीर केली. समुद्राच्या तापण्याला मालवणचा नावाडी काय करणार आणि मीरा रोडचा पर्यटक तरी काय करणार, असं वाटणं साहजिक आहे. पण आधीच जखमी असलेला प्रवाळ उष्णतेपुढे लवकर हार मानतो. जखमा मात्र आपल्या हातातल्या आहेत.

पहिली जखम पायाची. दमलेला माणूस आधार म्हणून पाय टेकतो आणि त्याच्या वजनाखाली वर्षानुवर्षांचं बांधकाम मोडतं. दुसरी जखम नांगराची. मराठीत शेतातही नांगर आणि समुद्रातही नांगर. शेतात तो फिरला की जमीन पिकते, प्रवाळांवर फिरला की उजाड होते. हंगामात रोज अनेक होड्या एकाच जागी येऊन नांगर टाकू लागल्या, तर काय होईल हे सांगायला शास्त्रज्ञ नको. यावर उपाय फार साधा आहे. तळाशी वाळूत कायमचं वजन ठेवून वर एक तरंगता बोया बांधायचा आणि होड्यांनी त्यालाच दोर लावायचा. तिसरी जखम दिसायला गोजिरवाणी. मासे जवळ यावेत आणि फोटो छान यावा म्हणून पाण्यात पाव कुस्करून टाकतात. पण यातले बरेच मासे खडकावरचं शेवाळ खाऊन प्रवाळांची जागा साफ ठेवत असतात. त्यांना आयत्या पावाची सवय लावणं म्हणजे झाडूवाल्याला कामावरून उठवण्यासारखंच आहे.

आता त्या चुलीच्या फरकाकडे येतो. १९८७ मध्ये अभयारण्य जाहीर झालं तेव्हापासून मालवणच्या मच्छीमारांचा त्याला विरोध होता. त्यांची भीती समजून घ्यायला हवी. अभयारण्य झालं की आज होडीला बंदी, उद्या जाळ्याला बंदी, परवा आपणच बाहेर. बंदराच्या तोंडाशीच रेषा आखली गेली होती. आणि गंमत अशी की समुद्राचं मोठं नुकसान करणारे ते नव्हतेच. मालवणची जुनी मासेमारी म्हणजे रापण. होडीतून अर्धवर्तुळात जाळं सोडायचं, त्याची दोन्ही टोकं किनाऱ्यावर आणायची आणि बाया-माणसांनी मिळून ती ओढायची. मिळालेल्या मासळीचे रापणीतल्या सगळ्यांना वाटे. याच्या उलट पर्ससीन जाळं. ते माशांच्या अख्ख्या थव्याला वेढा घालतं आणि बटव्याची नाडी ओढावी तसं खालून आवळलं जातं. एका फेरीत टनावारी मासळी, पण मागे किनाऱ्यावरच्या रापणीला काय उरणार? या दोघांचा संघर्ष कोकणात वर्षानुवर्षं चालला आणि २०१६ मध्ये राज्य सरकारला पर्ससीनवर निर्बंध घालावे लागले. ज्या मच्छीमाराने समुद्र वाचावा म्हणून स्वतः आंदोलन केलं, तोच अभयारण्याच्या विरोधात उभा होता. कारण समुद्र राखायला त्याचा विरोध नव्हता. त्याला न विचारता राखण्याला होता.

पुढे २०११ नंतरच्या काळात संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने सिंधुदुर्गात सागरी जैवविविधतेचा एक प्रकल्प चालला. त्यात बंदीपेक्षा रोजगाराची भाषा होती. मच्छीमारांच्या मुलांना पाणबुडीचं, वाटाड्याचं प्रशिक्षण मिळालं. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या महिलांनी २०१७ मध्ये कांदळवनाची सफर सुरू केली. होडी त्याच वल्हवतात, झाडांची ओळखही त्याच करून देतात. जो जीव पाहायला लोक पैसे देतात, तो जिवंत राहण्यात आपलाही फायदा आहे, हे मग कुणी शिकवावं लागत नाही. अर्थात याला दुसरी बाजू आहे. पर्यटक वाढले की होड्या वाढतात, होड्या वाढल्या की नांगर वाढतात. कालचा राखणदार उद्या घाईतला धंदेवाला होऊ शकतो. हा तोल कसा राखायचा, हाच मालवणपुढचा आजचा खरा प्रश्न आहे.

इतरांनी तो कसा सोडवला, हे पाहण्यासारखं आहे. वंडूरच्या उद्यानात जॉली बॉयला जाताना प्लॅस्टिक नेऊ देत नाहीत. शिवाय वर्षातला काही काळ जॉली बॉय खुलं असतं आणि त्याला विश्रांती देताना रेड स्किन हे दुसरं बेट खुलं होतं. आपल्याकडे शेताला पड ठेवायचे, तसंच हे. पॅसिफिक महासागरात पलाऊ नावाचा चिमुकला बेटांचा देश आहे. २०१७ च्या अखेरीपासून तिथं येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याच्या पासपोर्टवर एक प्रतिज्ञा छापतात आणि त्याने तिच्याखाली सही करायची असते. ही प्रतिज्ञा पलाऊच्या मुलांना उद्देशून आहे, आम्ही तुमच्या घरात जपून वावरू अशा अर्थाची. आणि जिथं हे जमलं नाही तिथलंही उदाहरण आहे. मन्नारच्या आखातात पूर्वी चुन्यासाठी प्रवाळ खणून नेत. लाटा अडवणारी ती भिंत गेली आणि एकवीस बेटांपैकी दोन बेटं पाण्याखाली गेली.

मंडळी, हे सगळं साडेचारशे-पाचशे किलोमीटरवरच्या मालवणचं झालं. पण भाईंदरच्या खाडीपुलावरून लोकलने जाताना दोन्ही बाजूंना जी तिवरं दिसतात, त्यांचीही गोष्ट फार वेगळी नाही. आपण साष्टी बेटावर राहतो, आणि उत्तन-डोंगरीचा भाग तर जुन्या काळी धारावी बेट म्हणूनच ओळखला जाई. तिवरांच्या मुळांत माशांची, कोळंबीची पिल्लं वाढतात. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये तिवरं तोडण्यावर आणि त्यांत भराव टाकण्यावर बंदी घातली. तरी त्यांच्या मुळांशी आपल्या घरातल्या पिशव्या अडकलेल्या दिसतात, आणि जाळ्यात मासळीबरोबर प्लॅस्टिकही येतं, हे उत्तन, पाली, चौकच्या कोळीवाड्यात कुणीही सांगेल. न्यायालयाने रेषा आखली, पण पाण्यावरची रेषा पुसायला एक भरती पुरते. ती रोज नव्याने आखायला तिथली माणसं लागतात.

तेव्हा येत्या सुट्टीत मालवणला जाणार असाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात जा. पाणी नितळ असतं. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, तेव्हा किल्ल्याच्या होड्याही बंद असतात. पाव नेऊ नका. काठावर पडलेला प्रवाळाचा तुकडा आठवण म्हणूनही खिशात घालू नका. २००१ पासून खडक बांधणारे प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, म्हणजे कायद्याने त्यांना वाघाच्या पंगतीला बसवलं आहे. आणि होडीत बसण्याआधी नावाड्याला एकच प्रश्न विचारा: "दादा, नांगर कुठे टाकणार?" तो वाळूत टाकतो म्हणाला, बोयाला बांधतो म्हणाला, तर त्याच्याच होडीत बसा, दोन पैसे जास्त पडले तरी. दहा गिऱ्हाइकांनी हा प्रश्न विचारला तर अकरावं गिऱ्हाईक यायच्या आत बंदरावर त्याची चर्चा होईल. जिथं भिंत घालता येत नाही, तिथं असे प्रश्नच उपयोगी पडतात.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)